हवेलीतली शाळा, पाण्याकाठची शाळा

पुण्या-मुंबईहून जयपूरला निघालेलं विमान उतरतं ते सांगानेरात. विमानतळ या गावच्या जमिनीवर आहे. पण बाहेर पडलेला प्रवासी टॅक्सीत बसतो आणि उत्तरेकडे, पंधराएक किलोमीटरवरच्या गुलाबी शहराकडे निघून जातो. हवामहल, सिटी पॅलेस, आमेरचा किल्ला, बापू बाजारातली घासाघीस, की परत त्याच विमानतळावर. बॅगेत घडी घातलेली बुट्ट्यांची चादर आणि हलकी रजई असते. या दोन्हींवरची नक्षी ज्या गावानं जगाला दिली, ते गाव मात्र त्यानं गाडीच्या काचेतूनही धड पाहिलेलं नसतं. दादरच्या किंवा टिळक रोडवरच्या प्रदर्शनांत ‘जयपुरी’ म्हणून जे खपतं, त्यातलं पुष्कळसं मुळात सांगानेरी असतं.

जयपुरात कला शिकण्याची दोन घरं आहेत. एक तटबंदीच्या आत, किशनपोल बाजारातल्या जुन्या हवेलीत. तिथं राज्याची कलाशाळा शंभराहून अधिक वर्षं भरत होती. दुसरं घर सांगानेरात. त्याला छप्पर नाही, फाटक नाही, हजेरीपट नाही. कापड छापणाऱ्या छीप्यांची अंगणं, हातकागद करणाऱ्या कागझ्यांचे हौद आणि गावाजवळून वाहणारा एक प्रवाह मिळून ती शाळा बनली. दोन्ही घरं एकाच सफरीत पाहिली, तर कला शाळेत जाते तेव्हा तिच्याबरोबर काय जातं आणि काय मागं राहतं, हे नीट दिसतं.

दिवाणांचं घर

अजमेरी गेटमधून आत शिरलं की किशनपोल बाजार लागतो. १७२७ साली सवाई जयसिंहांनी हे शहर वसवलं आणि विद्याधर भट्टाचार्यांनी त्याची चौकटीत बसणारी आखणी केली. तेव्हापासून हा रस्ता सरळ, रुंद आणि वर्दळीचा आहे. दोन्ही बाजूंना एका रांगेत दुकानं, वर गुलाबी भिंती, छोट्या कमानी, जाळ्या. रस्त्यावरून पाहिलं तर कुठली इमारत घर, कुठली वखार आणि कुठली शाळा, याचा पत्ता लागत नाही. जयपूरच्या हवेल्या आपलं वैभव आतल्या चौकासाठी राखून ठेवतात.

कलाशाळेची हवेली पंडित शिवदीन यांची. महाराजा सवाई रामसिंह दुसरे लहान असताना हे त्यांचे शिक्षक होते, पुढे राज्याचे दिवाण झाले. चौक, चौकाभोवती ओवऱ्या, वरच्या मजल्यावर जाळीदार सज्जे आणि भिंतींना आराइशचा गिलावा. आराइश ही जयपूरची खासियत. मुरवलेला चुना आणि संगमरवराची पूड यांचे थर चढवायचे आणि शेवटी अकीकाच्या दगडानं घासत राहायचं, इतकं की भिंत संगमरवरासारखी थंड आणि चकचकीत व्हावी. उन्हाळ्यात अशा भिंतीला पाठ टेकली की या खटाटोपाचं कारण पटतं.

रामसिंह मोठे हौशी आणि नव्या गोष्टींच्या ओढीचे राजे. ओल्या काचेच्या प्लेटवर स्वतः छायाचित्रं काढणारे. शहरात महाविद्यालय, रामनिवास बाग, रामप्रकाश नाटकघर हे सगळं त्यांच्याच काळातलं. शहराला आज आपण ज्या गुलाबी रंगात पाहतो, तोही १८७६ मधल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या निमित्तानं त्यांनीच चढवला. त्यांनी काढलेल्या कलाशाळेचं नाव होतं ‘मदरसा-ए-हुनरी’. तिचं साल १८५७ सांगितलं जातं, पण नव्या पद्धतीची कलाशाळा म्हणून तिची घडी बसली ती १८६६ पासून. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं तेही १८५७ मध्येच. एकीकडे पारशी दानशूराचा पैसा, दुसरीकडे राजाचा खजिना आणि दिवाणांचा वाडा.

या शाळांच्या इतिहासातली गंमत अशी, की त्यातल्या कितीतरी डॉक्टरांनी उभ्या केल्या. मद्रासची कलाशाळा १८५० मध्ये अलेक्झांडर हंटर या शल्यविशारदानं काढली. जयपूरच्या शाळेची सुरुवातीची सूत्रं कॉलिन व्हॅलेंटाइन या मिशनरी डॉक्टरकडे होती, नंतर ती सर्जन द फाबेक यांच्याकडे गेली. जयपूरचं संग्रहालय ज्यांनी घडवलं ते थॉमस होल्बाइन हेंडलीही रेसिडेन्सीचे सर्जन. शरीररचना शिकताना त्या काळच्या डॉक्टरला रेखाटन यावंच लागे, आणि संस्थानात युरोपीय शिक्षण घेतलेला विश्वासाचा माणूस बहुधा डॉक्टरच असे. त्यामुळं इथल्या कलाशिक्षणाला पहिल्यापासून एक शवविच्छेदनाची शिस्त आली: वस्तू सुटी करा, मोजा, कागदावर उतरवा, नाव द्या.

रेषेचं राज्य

या शिस्तीचं मूळ फार लांब, इटलीत आहे. १५६३ साली फ्लॉरेन्समध्ये जॉर्जो वसारीच्या पुढाकारानं आणि कोझिमो दे मेदिचीच्या आश्रयानं चित्रकार, शिल्पकार, वास्तुकार यांची अकादमी स्थापन झाली. तिन्ही कलांचा जन्मदाता एकच, तो म्हणजे रेखाटन, हा तिचा सिद्धान्त. त्याआधी चित्रकार हा कारागिरांच्या श्रेणीतला, रंगाने हात माखलेला माणूस होता. रेखाटन ही बुद्धीची करणी ठरवल्यावर तो विद्वानांच्या पंगतीत जाऊन बसला. पण त्याच पंगतीत विणकर, रंगारी, कुंभार यांची पानं मांडली गेली नाहीत.

अकादमी आणि जुना प्रासाद यांची जोडी जगात सर्वांत ठसठशीत दिसते ती रोममध्ये, व्हिला मेदिचीत. कार्डिनल फर्दिनांदो दे मेदिचीनं १५७६ मध्ये टेकडीवरचा तो प्रासाद विकत घेतला आणि बागेकडच्या दर्शनी भिंतीत प्राचीन रोमन शिल्पपट्ट बसवून घेतले. १८०३ मध्ये नेपोलियननं फ्रान्सची रोममधली अकादमी तिथं हलवली. अकादमी स्वतः १६६६ ची, चौदाव्या लुईच्या काळातली. पॅरिसमध्ये ‘प्री द रोम’ जिंकणाऱ्या तरुणांना इथं राहायला मिळे. चित्रकार अँग्र काही वर्षं तिचा संचालक होता. याच वाड्यात संगीतकार देब्युसीचा जीव मात्र गुदमरला. वैभवशाली वास्तू विद्यार्थ्याला घडवते तशी दाबूनही टाकते, हे तिथल्या इतिहासात वारंवार दिसतं.

वसारीची अकादमी निघाली त्याच्या आदल्याच वर्षी, १५६२ मध्ये, आमेरचा राजा भारमल आणि अकबर यांची सोयरीक झाली होती. त्या सोयरिकीनं आमेरच्या दारात मुघल कारखान्यांची शैली आली. मुघल व्यवस्थेत कारागीर दरबारी कारखान्यात काम करी आणि मुलगा बापाच्या शेजारी बसून शिके. म्हणजे इटलीत रेषा हातापासून वेगळी होत होती, त्याच काळात इथं रेषा आणि हात एकाच गुडघ्याशी बसलेले होते. तीनशे वर्षांनी किशनपोलच्या हवेलीत या दोन रीती समोरासमोर आल्या.

सुट्या कागदांचे बारा भाग

हवेलीत शिकवलं काय जात होतं? रेखाटन आणि चित्रकला तर होतीच, त्याशिवाय लाकडावरचं कोरीवकाम, धातुकाम, मातीकाम, भरतकाम. जे. जे.चा कल यथार्थ चित्रणाकडे झुकत गेला. जयपूरच्या शाळेनं कारागिरीला जास्त जागा दिली. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला काढण्यापेक्षा आपल्याच शहरातल्या कमानींकडे पाहा, असा तिचा रोख होता.

१८८३ मध्ये, रामसिंहांनंतरचे राजे दुसरे माधोसिंह यांच्या कारकिर्दीत, हेंडलींनी जयपुरात मोठं औद्योगिक प्रदर्शन भरवलं. स्वस्त विलायती मालाच्या नकला करण्याच्या नादात इथल्या कारागिरांची नजर बिघडते आहे, त्यांच्यासमोर जुने उत्तम नमुने ठेवले पाहिजेत, ही त्यामागची कल्पना. त्यातूनच १८८७ मध्ये रामनिवास बागेतलं अल्बर्ट हॉल संग्रहालय उघडलं. त्याचे वास्तुकार सॅम्युअल स्विंटन जेकब. त्याच वर्षी तिथं एक तरुण पत्रकार येऊन गेला आणि हिंदुस्थानातल्या इतर संग्रहालयांनी लाजावं अशा शब्दांत त्यानं या संग्रहालयाची वाखाणणी केली. हा रुडयार्ड किपलिंग. त्याचा जन्म मुंबईत, जे. जे.च्या आवारात झालेला. बाप जॉन लॉकवुड तिथंच शिक्षक होता.

जेकब यांचं खरं स्मारक मात्र दगडाचं नाही, कागदाचं आहे. १८९० ते १९१३ या काळात ‘जयपूर पोर्टफोलिओ’चे बारा भाग प्रसिद्ध झाले. जयपूर, दिल्ली, आग्रा आणि आसपासच्या जुन्या इमारतींचे कंगोरे, खांब, दारं, तोडे, कमानी, नक्षीपट्टे, सगळे काटेकोर मापात काढलेले. कलाशाळेचे प्रमुख आरेखक लाला रामबख्श यांच्या देखरेखीखाली शाळेच्या विद्यार्थ्यांनी यातली रेखाटनं केली. पानं मुद्दाम सुटी ठेवली होती, बांधीव पुस्तक केलं नाही. कारण उघड होतं: पुस्तक कपाटात जातं, सुटं पान पाथरवटाच्या पायाशी ठेवता येतं. शाळेनं गल्लीतून घेतलेली नक्षी गल्लीला परत देण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता, आणि दगड-लाकडाच्या बाबतीत तो बराच साधला. तोडा कागदावर काढता येतो, कागदावरून पुन्हा घडवता येतो.

कापडावरच्या छपाईचं तसं होत नाही. बुट्टीची रेषा कागदावर येते, पण तिचा काळा आणि तिचा लाल येत नाही. तो पाण्यात तयार होतो. सांगानेरी छपाईचे नमुने अल्बर्ट हॉलमध्ये आले, लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातही पोचले. ती शिकायला मात्र सांगानेरलाच जावं लागे, आणि आजही जावं लागतं.

हिरडा, धायटी, गूळ आणि गंज

सांगानेरी कापडाची ओळख म्हणजे पांढरी जमीन. तिच्यावर बारीक रेषेतली फुलं: खसखस, गुलाब, कमळ, नर्गिस. मुघल चित्रांतून आणि बागांतून उतरलेली. प्रत्येक फुलाची देठासकट स्वतंत्र मूर्ती, थोडीशी वाऱ्यावर झुकलेली. शेजारच्या बगरूची जमीन पिवळसर, रेषा जाड, वृत्ती रांगडी. बगरू हे नाव मराठी इतिहासाच्या वाचकाला १७४८ च्या लढाईमुळे ठाऊक असतं. ईश्वरीसिंह आणि पहिले माधोसिंह यांच्या गादीच्या भांडणात मल्हारराव होळकर तिथं उतरले होते. सांगानेरच्या इतिहासातही मराठे येतात, वेगळ्या वाटेनं. सतराव्या शतकाच्या अखेरीस मुघल-मराठा लढायांच्या धामधुमीत गुजरातेतले छपाईकार निघाले आणि सांगानेरला येऊन स्थिरावले, अशी इथल्या कलेची परंपरागत हकीकत आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या मोहिमांचं एक टोक असं राजस्थानातल्या एका चादरीवर निघतं.

जुन्या रीतीचं काम कोऱ्या कापडापासून सुरू होतं. कापडातली खळ धुऊन काढायची, मग एरंडेल, सोडा आणि बकरीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात ते भिजवून तुडवायचं, म्हणजे धागा मोकळा होतो आणि रंग प्यायला तयार होतो. नंतर हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं. कापड पिवळं पडतं, म्हणून या पायरीला छीपे ‘पीला करना’ म्हणतात. काळ्यासाठी लोखंडाचं भंगार, अगदी घोड्याचे जुने नालसुद्धा, गुळाच्या पाण्यात दिवसेंदिवस आंबवत ठेवतात. लालासाठी तुरटी, आणि ती दाट व्हावी म्हणून डिंक किंवा चिंचोक्याची पूड. शेवटच्या उकळीत धायटीची फुलं घालतात, म्हणजे पांढऱ्या जमिनीवर डाग राहत नाहीत. आजीबाईच्या बटव्यातून काढावी अशी ही यादी. पण तिच्यातला एक जिन्नसही केवळ परंपरेचा मान म्हणून आलेला नाही.

छापताना कापडावर जे उमटतं, तो अजून रंग नसतोच. हिरड्यात भरपूर टॅनिन आहे. आंबलेल्या लोखंडाचं पाणी त्याला भेटलं की काळा जन्मतो, आणि तो धाग्यात असा रुततो की धुण्यानं जात नाही. तुरटीचा ठसा तर आधी जवळजवळ अदृश्य असतो. तांब्याच्या मोठ्या भांड्यात मंजिष्ठा किंवा अलिझरीन घातलेल्या पाण्यात कापड उकळलं की जिथं तुरटी आहे तिथंच लाल पकडतो. उकळण्याआधी जास्तीची तुरटी वाहत्या पाण्यात धुऊन गेलीच पाहिजे. साचलेल्या पाण्यात धुतलं तर सुटलेली तुरटी भलत्या जागी बसते आणि पांढरी जमीन कायमची मळते. उकळून झालेलं कापड वाळूवर पसरून, वर पाणी शिंपडत उन्हात राखलं की पांढरा अधिक उजळतो. म्हणजे सांगानेरचं पांढरेपण ही नदीची, वाळूची आणि उन्हाची करामत. सांगानेरच्या पाण्यात काळा चांगला उठतो आणि बगरूच्या पाण्यात लाल, असं छीपे मंडळी सांगतात. तेव्हा ते आपल्या प्रयोगशाळेचा पत्ता सांगत असतात.

ठसे सागाचे किंवा शिसवीचे. ठसा कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. बाह्यरेषेच्या ठशाला रेख म्हणतात, आतला रंग भरणारा तो दट्टा, आणि पार्श्वभूमी भरतो तो गद. ठशात बारीक भोकं पाडलेली असतात, म्हणजे दाबताना अडकलेली हवा आणि जास्तीचा रंग निघून जातो. नवा ठसा दिवसेंदिवस तेलात ठेवतात, नाहीतर ओल्या रंगानं लाकूड तडकतं. तीन रंगांची बुट्टी म्हणजे तीन ठसे, एकाच जागी तीनदा. नेम धरायला कोपऱ्यात एक सूक्ष्म ठिपका असतो. छापणारा त्याच्याकडे बघताना दिसतही नाही. डावा हात कापडावर, उजव्या हातात ठसा, वरून तळहाताची एक थाप, की पुढं. हातछपाई ओळखायची तर हा ठिपका शोधावा आणि दोन ठशांच्या सांध्यावर केसाएवढी चूक आहे का ते पाहावं. कापड उलटं करून बघावं, रंग मागं उतरलेला असतो. सगळं निर्दोष आणि मागची बाजू पांढरीफटक असेल, तर ते यंत्राचं काम समजावं.

छीप्यांचा नामदेव

सांगानेर-बगरूच्या छीप्यांत हिंदूही आहेत आणि मुसलमानही. हिंदू छीप्यांपैकी अनेकजण स्वतःला नामदेव समाजाचे म्हणवतात. नामदेव म्हणजे आपलेच: नरसीचे, पंढरपूरच्या महाद्वारात पायरी होऊन राहिलेले. महाराष्ट्रात ते शिंपी, उत्तरेत कापड छापणारे. उत्तरेतल्या त्यांच्या पदांपैकी ६१ गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातल्या घुमानला २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आपल्याकडे या उत्तरायणाची बरीच चर्चा झाली. पण घुमानच्या वाटेवर राजस्थानातले हे कारागीरही आहेत, हे संमेलनाच्या मांडवापर्यंत फारसं पोचलं नाही. रंग हाताळणाऱ्या, म्हणून समाजाच्या उतरंडीत खाली ढकललेल्या माणसांनी आपला म्हणून जो संत निवडला, तो कापडाशी नातं सांगणारा आणि त्याची लाज न बाळगणारा होता. सांगानेरच्या शाळेचं कुलदैवत म्हणायचं तर हेच.

चिंध्यांपासून कागद

या गावची दुसरी विद्या कागदाची. राजा मानसिंहांनी सोळाव्या शतकात सियालकोटच्या बाजूनं कागदी कुटुंबं आमेरला आणली. पुढं जयपूर वसत असताना, भरपूर पाणी आणि मोकळी जमीन पाहून ती सांगानेरला आली. राज्याच्या बह्या, हिशेब, सनदा, दरबारी चित्रं यांचा कागद इथलाच. भिजवलेल्या चिंध्या कुटून लगदा करायचा, हौदात चाळणी बुडवून पातळ थर उचलायचा, दाबायचा, वाळवायचा आणि शेवटी अकीकानं घोटायचा. हवेलीची भिंत आणि चित्रकाराचा कागद, दोघांचं तेज एकाच दगडातून येत होतं. आज कच्चा माल बहुतांशी होजियरीच्या कारखान्यांतली कापडाची कात्रणं. कापड संपतं तिथं कागद सुरू होतो.

महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. दौलताबादेजवळचं कागझीपुरा आणि जुन्नर यांचा कागद एकेकाळी दख्खनच्या दफ्तरांत होता. गिरणीच्या कागदानं तो मोडला. त्याला पुन्हा उभं करायची धडपड झाली ती वर्ध्यात. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा पाहत, आणि हातकागद हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. १९४० मध्ये पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली, ती या धडपडीचीच पुढची पायरी. खादी ग्रामोद्योग आयोगानं १९९० च्या दशकात सांगानेरला हातकागदाची राष्ट्रीय संस्था काढली, तेव्हा तिला नाव दिलं कुमारप्पांचं. वर्ध्याचा विचार सांगानेरात संस्था होऊन बसला आहे, आणि आपल्या कागझीपुऱ्यात मात्र मोजकेच हात उरले आहेत.

मिस्त्री गुरुजी होतो तेव्हा

विसाव्या शतकात किशनपोलच्या हवेलीत बंगालचं वारं आलं. अवनींद्रनाथ टागोरांच्या परंपरेतले असितकुमार हालदार काही काळ इथं प्राचार्य होते. शैलेंद्रनाथ डे यांनी दीर्घकाळ शिकवलं आणि रामगोपाल विजयवर्गीय यांच्यासारखे चित्रकार घडवले. तोवर शाळेचं नाव ‘महाराजा स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ झालेलं होतं.

पण याच काळात उलट दिशेनंही एक वाट चालली गेली, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. नंदलाल बोस यांनी जयपूरचे भित्तिचित्र-कारागीर नरसिंहलाल यांना शांतिनिकेतनात बोलावलं. पदवी नसलेला हा मिस्त्री तिथं आला, त्यानं चुना मुरवायला, ओल्या गिलाव्यावर रंग धरायला आणि दगडानं घोटायला शिकवलं. शिकणाऱ्यांत देशातले उद्याचे मोठे चित्रकार होते. अकादमीनं कारागिराकडून नमुना मागितला नाही, पाठ मागितला. कारागीर तिथं वस्तू म्हणून मांडला गेला नाही, शिक्षक म्हणून उभा राहिला.

याचं फळ जयपूरला परत मिळालं निळ्या भांड्यांच्या रूपानं. रामसिंहांच्या काळात कालूराम आणि चूडामण या भावांना दिल्लीच्या भोला कुंभाराकडे शिकायला पाठवलं होतं. पतंगांच्या काटाकाटीत या भावांनी निळ्या-हिरव्या काचेचा मांजा वापरून राजाचेच पतंग कापले आणि म्हणून ते त्याच्या नजरेत भरले, ही कथा जयपुरात आवडीनं सांगतात. शाळेत या भांड्यांचा विभाग निघाला. ही भांडी नेहमीच्या कुंभारी मातीची नसतात. गारगोटीची पूड, काच, मुलतानी माती आणि डिंक यांच्या कणकेची असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही विद्या मरणपंथाला लागली. तिला परत उभं केलं कृपालसिंह शेखावत यांनी. ते शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि राजमाता गायत्रीदेवी यांचं पाठबळ त्यांना मिळालं, १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकाराचा हात कुंभाराच्या भट्टीशी जाऊन बसला, तेव्हा ती कला जगली. आज निळ्या भांड्यांची कामं सांगानेर परिसरातही चालतात.

भिंती वाचल्या, पाण्याचं काय?

कलाशाळा आता किशनपोलमध्ये नाही. ‘राजस्थान स्कूल ऑफ आर्ट’ या नावानं ती जवाहरलाल नेहरू मार्गावरच्या शिक्षा संकुलात गेली. पंडित शिवदीनांची हवेली दुरुस्त झाली आणि २०१७ च्या अखेरीस ‘विरासत संग्रहालय’ म्हणून लोकांसाठी उघडली. चौक स्वच्छ आहेत, जाळ्या पुन्हा नीट बसवल्या आहेत, दालनांत वस्त्रं, दागिने, दगडातलं जडावकाम मांडलं आहे. २०१५ मध्ये युनेस्कोनं जयपूरला हस्तकला आणि लोककलेचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला, २०१९ मध्ये तटबंदीतलं शहर जागतिक वारसा यादीत गेलं. जयपूर आपल्या भिंती जपायला शिकलं आहे, आणि याचं कौतुक करायलाच हवं. आपल्याकडे किती वाडे बिल्डरची वाट पाहत उभे आहेत ते आठवलं, म्हणजे हे कौतुक आणखी मनापासून होतं.

सांगानेरची गोष्ट वेगळी आहे. गावाजवळचा प्रवाह, कधीकाळची द्रव्यवती, लोकांच्या तोंडी अमानीशाह नाला झाला आणि नाल्यासारखाच वागवला गेला. शहराचं सांडपाणी वरून आलं. गावात स्क्रीन छपाई पसरली, वेगवान, स्वस्त, रासायनिक रंगांची, आणि तिचं पाणीही त्याच प्रवाहात गेलं. ज्यानं पांढरी जमीन उजळायची, त्या पाण्याला स्वतःचाच रंग उरला नाही. २००३ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं प्रदूषण करणाऱ्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांना भरपाई भरायचा आदेश दिला. पुढं सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची खटपट झाली. २०१६ पासून द्रव्यवतीच्या सुमारे ४७ किलोमीटर पात्राच्या पुनरुज्जीवनाचं काम सुरू झालं. काठ बांधले, बागा झाल्या, शुद्धीकरणाचे प्रकल्प आले. कापड धुण्याचं पात्र मात्र पुन्हा तयार झालं नाही. धुलाई आता हौदांत आणि नळाच्या पाण्यावर होते, हिरडा-गुळाची जुनी रीत मोजक्या घरांत राहिली आहे.

२०१० मध्ये सांगानेरी हातछपाईला भौगोलिक निर्देशांक मिळाला. या नोंदणीनं कुणी कुठेही छापलेल्या कापडाला सांगानेरी म्हणू नये, एवढा कायदेशीर आधार दिला. पण या नोंदणीतला ‘भूगोल’ नेमका कोणता? गावाची सीमा नकाशावर तशीच आहे. तिच्यातलं पाणी आणि वाळू हाच खरा भूगोल होता, आणि त्याला कुठलं प्रमाणपत्र संरक्षण देत नाही.

कलाशिक्षणाचा विचार करताना आपण अजूनही वसारीच्या बाजूला उभे असतो. रेखाटन आलं की कला आली, आणि रेखाटनाला टेबल, उजेड आणि छप्पर पुरतं. म्हणून कलाशाळेला पैसा द्यायचा म्हणजे इमारत, आणि वारसा जपायचा म्हणजेही इमारतच. सर जे. जे. कलासंस्थेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता अभ्यासक्रम तिचा तिला ठरवता येईल. येवल्याचा पैठणीकार, औरंगाबादचा हिमरूकार, कागझीपुऱ्याचा कागदी तिथं प्रात्यक्षिक दाखवायला पाहुणा म्हणून येणार, की नरसिंहलालसारखा वर्ग घ्यायला? ज्या रीतीनं मापं आणि रेषा शिकवायचे तास लावतो, त्या रीतीनं हिरडा-तुरटीचे, लगद्याचे, ताण्या-बाण्याचे तास लावणार का? विद्यार्थ्यांना कारागिराच्या गावी सहलीला न नेता सत्रभर तिथंच शिकायला ठेवणार का?

सांगानेर या प्रश्नांना एक कडक पुरवणी जोडतं. तिथल्या मुलाला रेख, दट्टा, गद हे तिन्ही ठसे चालवता येतील, पण पाणी नसेल तर त्याला यातला अर्धा धडा कधीच शिकता येणार नाही, मग तो कितीही सुंदर हवेलीत बसो. म्हणून राजस्थान असो की महाराष्ट्र, कलाशिक्षणाच्या अंदाजपत्रकात नदी, वाळवण आणि भट्टी यांना आधी जागा मिळायला हवी. छताची दुरुस्ती त्यानंतर.